बिनकिडीची वांगी

नेर्लेकर वहिनींनी तिसरं वांगं हातात घेतलं, उलटं केलं, देठाच्या टोपीखाली नख सारून पाहिलं आणि परत पाटीत ठेवलं.

“आक्का, ह्यालापण भोक नाही.”

“न्हाईच की. बघूनच आणलीत.” बाळाबाईनं तराजू उचलला. “किती घालू?”

“थांबा, घालू नका अजून. तेच म्हणते मी. एकालापण नाही. असं कसं?”

बाळाबाईचा हात तराजूसकट तसाच राहिला. शाहूपुरीच्या पाचव्या गल्लीच्या तोंडाशी, सायकलच्या दुकानाच्या पायरीला पाठ टेकून तिनं वांग्यांवरून आजवर कितीतरी भांडणं ऐकली होती. कालचं किडकं निघालं, चिरलं तर आत अळी वळवळली, बदलून द्या, नाहीतर वर दोन घाला. ते सगळं तिच्या सरावाचं होतं. पण कीड नाही म्हणून कुणी तोंड वाकडं केलेलं तिच्या बघण्यात नव्हतं. उलट आक्काची वांगी डोळे झाकून घ्यावीत, हीच तिची गल्लीतली ख्याती. मागच्या वर्षी आजारी पडली तेव्हा दोन बायका थेट गावाकडं निरोप धाडत्या झाल्या होत्या.

“पेपरात रोज येतंय बघा,” वहिनींनी आवाज खाली घेतला. “ते नवीन वांगं. बीटी का काय. त्याच्या बियातच म्हणे औषध घातलेलं असतं. अळीनं चावा घेतला की अळीच खलास. मग माणसानं खाल्लं तर?”

शेजारी मेथीच्या जुड्या बांधत बसलेल्या अंबूबाईनं मान वर न करता विचारलं, “माणूस काय अळी हाय व्हय?”

“तसं नव्हे हो. आमच्या ह्यांच्या ऑफिसात बोलतात, विंचवाचं काहीतरी काढून त्यात घालतात. खरंखोटं देव जाणे. पण आमच्या घरात सध्या जपायला पाहिजे.”

जपायला पाहिजे ती वहिनींच्या मागंच उभी होती. स्नेहल, त्यांची सून. एक हात कमरेवर, पायांतल्या चपला सैल केलेल्या, कारण पाय सुजले होते. लग्न होऊन आली त्या वर्षी हिला भरताचं वांगं कुठलं आणि भरल्या वांग्याचं कुठलं हेसुद्धा कळत नव्हतं. बाळाबाईनंच हातात देऊन, दाबून दाखवून शिकवलं होतं. आता ती पाटीकडं अशी बघत होती, जसं लहान पोर शेजारच्याच्या ताटाकडं बघतं.

“पोरीला डोहाळे लागलेत वांग्याचे,” वहिनी म्हणाल्या, “आणि घरात चातुर्मास. आषाढीपासून वांगं बंद. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडगा दाखवला की मगच तोंडात घालायचं. नुसती दिवस मोजत बसलीय.”

“आमच्यातबी तसंच की,” बाळाबाई म्हणाली. “पिकवतो, इकतो, खरं षष्ठीपत्तोर जिभंला लावत न्हाय.”

“म्हणून विचारते. आक्का, खरं सांगा. ती असली नव्हेत ना?”

बाळाबाईनं पायरीवरचं फडकं सोडलं. आत दुपारची भाकरी होती. भाकरीवर तिनं तळवा ठेवला.

“घरचं बी हाय वहिनी. माज्या सासूच्या हातचं. एक वांगं झाडालाच पिवळं होऊ द्याचं, वाळवायचं, राखंत चोळायचं आणि बी गाडग्यात. ह्या अन्नावर हात ठेवून सांगते. माझ्या पाटीतलं खाऊन तुमच्या सुनंच्या केसालाबी धक्का लागायचा न्हाय.”

वहिनींचा चेहरा सैलावला. षष्ठीच्या आदल्या दिवशी भरताची जाड वांगी काढून ठेवा, असं बजावून त्या निघाल्या. स्नेहलनं जाता जाता वाकून पाटीतलं एक वांगं बोटानं नुसतं थोपटलं.

दोन हजार नऊ सालची ती दिवाळी नुकती सरली होती. दिल्लीतल्या कुठल्याशा समितीनं त्या नव्या वांग्याला होकार दिला होता, मंत्र्यानं थांबा म्हटलं होतं, आणि आता लोकांना विचारून ठरवणार अशी बातमी होती. लोकांना कुणी विचारायच्या आत लोकांनीच एकमेकांना विचारायला सुरुवात केली. अंगावर पुरळ उठतं म्हणे. मूल राहत नाही म्हणे. गुरांनी पाला खाल्ला नि बसली ती उठलीच नाहीत म्हणे. हे सगळं कुठं झालं ते विचारलं की ‘तिकडं’ एवढंच उत्तर मिळे. बाजारात ते वांगं आलेलंच नाही, असं एका मास्तरणीनं पाटीसमोर उभं राहून समजावून सांगितलं. तिचं बोलणं ऐकून घेऊन सगळ्या बायका, ती मास्तरीणसुद्धा, दोडका घेऊन गेल्या.

समोरच्या फुटपाथवर मार्केट यार्डातला माल आणून विकणारा बाळासो मोठा हिकमती. त्यानं एक किडकं वांगं मधोमध चिरलं आणि आतली अळी दिसेल असं ढिगावर ठेवून दिलं. येणारीजाणारी थांबून बघायची आणि हायसं वाटून अर्धा किलो घ्यायची. अळी वाळून काटकी झाली तरी त्यानं ते अर्धुक हलवलं नाही.

“तूबी ठेव की एखादं वर,” अंबूबाई म्हणाली. “मी सांगतो, दुपारपत्तोर पाटी रिकामी.”

“किडकं मिरवायचं दिस आलं व्हय गं?”

“दिसाचं काय घेऊन बसलीस. लोकास्नी अळीवर इस्वास हाय, तुझ्यावर न्हाय.”

बाळाबाई हसली, पण ते तिला लागलं. त्या संध्याकाळी उरलेली वांगी आवरताना तिनं स्वतःच एकेक उलटून पाहिलं. खरंच, एकालाही टोचा नव्हता. पाऊस लांबलेल्या वर्षी चार वांग्यांतलं एक तरी अळी धरतंच, आणि यंदा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला होता. पूर्वी ती रोज उजाडता मळ्यात जायची. ज्या शेंड्यानं मान टाकलीय तो खुडायचा, आत अळी असते, तो शेंडा पुरून टाकायचा. गुडघे धरले तसा मळा पोराकडं, ज्ञानूकडं आला, तिच्याकडं बाजार राहिला. आपलं पोर आपल्यासारखंच शेंडे खुडत असेल, असं ती धरून चालली होती. आता वांगी पाटीत भरता भरता तिला वाटलं, ह्यानं बी बदललं तर नसेल?

षष्ठी परवावर आली त्या संध्याकाळी ती कोपार्ड्याला घरी पोचली, तर सून सारिका सोप्यात सूप घेऊन बसली होती. सुपात वांगी होती. नात शिवानी त्यातल्या एका वांग्याला आपलं झबलं नेसवत होती.

बाळाबाईनं खाली बसून एक वांगं उचललं. देठाजवळ भोक. दुसरं उचललं. त्याला दोन.

“ही कुणाला गं?”

“देवाला, आत्या. भरताला काढून ठेवलीत.”

“आणि दारात पाटी भरलीया ती?”

“ती बाजारची.”

बाळाबाईनं दारातल्या पाटीकडं पाहिलं. काळीनिळी, चकचकीत, ताणलेल्या कातडीची वांगी. तिनं पुन्हा सुपात पाहिलं. ह्या घरात सणाच्या तोड्यात पहिला मान देवाचा. त्यातलं सगळ्यात देखणं ते देवापुढं, मग बाजार, आणि उरलंसुरलं, वाकडंतिकडं ते घरात. सासूनं घालून दिलेली ही रीत सारिकालाही तिनंच शिकवली होती.

“देवाला किडकी आणि गिऱ्हाइकाला नितळ? हे कुणी काढलं?”

सारिकानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “त्यांनी सांगितलंय. घरच्यासाठी हिरीकडल्या दोन सऱ्यांतलीच आणायची. पलीकडली घरात आणायची न्हाईत.”

“का?”

“मी न्हाय इचारलं.”

तिनं विचारलं होतं, हे तिच्या खाली गेलेल्या मानेवरून कळत होतं. बाळाबाईनं शिवानीच्या हातातलं वांगं बघितलं. ते किडकंच होतं. ते तिनं पोरीकडं राहू दिलं आणि चप्पल घालून मळ्याची वाट धरली.

दोन्ही अंगांनी ऊस उभा, मधून पायवाट. वांग्याचा तुकडा विहिरीला लागून. ज्ञानू पाटाच्या पाण्यात फवारणीचा पंप धूत होता. आईला बघून त्यानं पंप सावकाश बाजूला सरकवला.

“कुठलं बी लावलंयस?” तिनं बांधावरूनच विचारलं.

“म्हंजे?”

“हिरीकडल्या दोन सऱ्या घरच्या बियाच्या. पलीकडलं काय हाय? पेपरात येतंय ते हाय?”

ज्ञानू हसला. “तूबी त्यातलीच का? अगं आई, ते अजून मिळतच न्हाय कुठं. दुकानदार सोताच वाट बघालाय. आलं तर बरंच हुईल म्हणालाय, औषधाचा तरी ताप मिटंल. सगळं तुजंच बी हाय, आज्जीच्या गाडग्यातलं.”

“मग एकाच बियाचं ह्या बाजूला किडकं आणि त्या बाजूला नितळ कसं?”

पंपाच्या नळीतून पाटात पांढुरकं पाणी गळत होतं. वास तिच्यापर्यंत आला. हा वास त्याच्या शर्टाला असतो, ते तिला माहीत होतं. औषध कोण मारत नाही? फूल धरायच्या आधी एकदोनदा मारावंच लागतं, म्हणून ती गप्प बसायची.

“कवा मारलंस?”

“काल.”

“आणि तोडा?”

“आज सकाळी.”

“त्याच्या आदुगर?”

“दर तोड्याच्या आदल्या दिवशी. दोनदोन औषधं मिसळून. एकाला आता अळी हलत न्हाय.” मग त्याचा आवाज चढला. “आता डोळं वटारू नको. गिऱ्हाईक किडकं उचलत न्हाय, नितळ आण, नितळ आण, कोण म्हणत हुतं? तूच न्हवं? शेंडं खुडून हुतंय का आता? मजूर मिळतोय का एक? सगळा गाव असंच करतोय. लोक धुऊन खात्यात की.”

“मग शिवानीला धुऊन का घालत न्हाईस?”

ज्ञानूनं पंपाचं झाकण लावलं. ते आट्यांवर बसेना, म्हणून पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

“एवढीशी हाय ती,” तो म्हणाला.

“नेर्लेकर वहिनींच्या सुनंच्या पोटात हाय ते केवढं हाय?”

ती तशीच माघारी वळली. घराकडं येताना तिला राहून राहून भाकरीवर ठेवलेला आपलाच तळवा आठवत होता. बी घरचं हाय, हे तिनं खरंच सांगितलं होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण वहिनींनी ऐकलं ते बियाबद्दलचं नव्हतं, पोरीनं खावं का खाऊ नये एवढंच त्यांनी ऐकलं होतं.

सकाळी ज्ञानूनं पाटी उचलू दिली नाही. “तू बस घरात. मी मार्केटात टाकून येतो. तितं कोण काय इचारत न्हाय.”

“आन हिकडं,” ती म्हणाली. “माझी माणसं वाट बघत असणार. मी सांगून इकीन.”

देवाच्या सुपातली अर्धी वांगी तिनं वेगळ्या फडक्यात बांधली आणि पिशवीत ठेवली. गगनबावड्याहून येणाऱ्या गाडीला सणाची गर्दी होती. पाटी टपावर न टाकता तिनं ती उभ्यानं पायांशी धरून आणली.

षष्ठीच्या आदल्या दिवशीचा बाजार म्हणजे वांगी, कांद्याची पात आणि बाजरीचं पीठ. पाटी टेकते न टेकते तोच पहिली बाई आली.

“बीटी न्हवं न्हवं?”

“न्हवं. घरचं बी हाय. खरं बाई, ह्यावर औषध मारलंय, परवाच.”

“औषध काय, सगळंच मारत्यात. मिठाच्या पाण्यात टाकतो. ते दुसरं न्हाय न्हवं, मग झालं. घाला एक किलो.”

बाळाबाईनं घातलं. दुसरीला सांगितलं, तिनंही घेतलं. तिसऱ्यानं तर तिचं पुरतं ऐकूनही घेतलं नाही, “न्हवं” एवढं कानावर पडताच तो निवडायला बसला आणि मागच्या माणसाला म्हणाला, “घ्या पावणं, आक्काची खात्रीची असत्यात.” सांगितलं की माणसं थबकतील, परत जातील, एखादं वाईट बोलतील, ह्याची तयारी करून ती आली होती. ती थबकलीच नाहीत. चार दिवस रोडावलेली गर्दी आज पाटीभोवती दाटली आणि तिच्या हातानं तराजू भराभर वरखाली होऊ लागला. सांगून विकते आहे, सांगून विकते आहे, असं ती मनाशी म्हणत राहिली. सांगितल्यानं आपलं ओझं उतरेल असं तिला वाटलं होतं. ते तिळभर उतरलं नाही.

मग गर्दीतून नेर्लेकर वहिनी पुढं आल्या. आज एकट्याच.

“स्नेहलला काल रात्रभर झोप नाही. उद्या भरीत मिळणार म्हणून,” त्या हसत म्हणाल्या. “माझी ठेवलीत ना?”

“ठेवलीत.” बाळाबाईनं पिशवीतलं फडकं काढून त्यांच्या हातात दिलं.

वहिनींनी गाठ सोडली. एक वांगं काढलं, अंगठा भोकावर गेला. दुसरं काढलं.

“आक्का, ही किडकी आहेत हो.”

“कीड काढून भाजा. आत चांगली हाईत. त्यावर काय मारलेलं न्हाय. आमच्या घरातल्या पोरीला घालणार तीच आणलीत तुमच्यासाठी.”

“अहो पण नैवेद्याला किडकं कसं ठेवू? देवाच्या ताटात?” त्यांनी फडकं परत दिलं आणि पाटीकडं हात केला. “ही काय, इतकी छान आहेत की. ह्यातलीच द्या. तुम्ही शप्पथ घेतलीत, आता मला शंका नाही.”

“वहिनी, ह्यावर औषध हाय. तोड्याच्या आदल्या दिवशी मारलंय, एकदा न्हाय, दर तोड्याला.”

“धुऊन घेईन. तीनतीनदा धुईन. घाला.”

बाळाबाईनं तराजू खाली ठेवला.

“न्हाय.”

“न्हाय म्हणजे?”

“ह्यातली तुमच्या सुनंला न्हाय देणार.”

भोवतीची दोनचार माणसं वळून बघू लागली. वहिनींचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. “आत्ता त्यांना दिलीत की. माझ्या डोळ्यांदेखत. आम्ही काय परके आहोत? इतकी वर्षं तुमच्याशिवाय कुणाकडून वांगं घेतलं नाही मी, आणि आज चार लोकांत मला किडकी हातात देता?”

“तुमच्या भल्यासाठी सांगते.”

“माझं भलं मला कळतं.” वहिनींनी पिशवी काखेत मारली. “राहू द्या. बाजार एवढा मोठा आहे.”

त्या रस्ता ओलांडून बाळासोकडं गेल्या. त्याच्या ढिगातलीही वांगी चकचकीतच होती. तो काय सांगत होता ते इकडं ऐकू येत नव्हतं. बोट वाळक्या अळीकडं होतं. वहिनींनी निवडून निवडून, सगळ्यात नितळ अशी दोन किलो घेतली आणि मागं न बघता निघून गेल्या.

“खुळी का काय गं तू?” अंबूबाई म्हणाली. “बांधलेलं गिऱ्हाईक घालवलंस. त्यानं तरी काय गंगेच्या पाण्यात वाढवलीत?”

“न्हाय.”

“मग काय मिळवलंस?”

बाळाबाईनं रस्त्याकडं पाहिलं. सकाळपासून जी वांगी गेली त्यांच्या पिशव्या गल्लीच्या वळणापलीकडं कधीच दिसेनाशा झाल्या होत्या. त्यांच्यामागं धावून जायला नावं ठाऊक नव्हती, घरं ठाऊक नव्हती. तिनं पाटीखालची चुंबळ सोडली, चुंबळीचं जुनं लुगडं उलगडून पाटीवर पसरलं आणि कडा चहूबाजूंनी आत खोचल्या.

“आक्का, वांगी?”

“संपली.”

“ही काय हाईत की खाली.”

“ही न्हाईत इकायची.”

दुपारभर ती तशीच बसून राहिली. माणसं विचारत होती, ती मान हलवत होती. कुणी हसलं, कुणी ‘भाव चढवायला दडवलीत’ म्हणालं. अंबूबाईची मेथी संपली, पात संपली, जाताना तिनं आपल्या डब्यातली उरलेली चटणी बाळाबाईच्या भाकरीवर घातली आणि म्हणाली, “खा तरी.”

कोपार्ड्याच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा उन्हं उसाच्या तुऱ्यांवर गेली होती. ज्ञानू सायकल घेऊन उभा होता. रिकामी पाटी आईच्या डोक्यावरून एका हातानं उचलायची आणि सायकलला अडकवायची, ही त्याची सवय. त्यानं हात घातला. पाटी हलली नाही. त्यानं सायकल झाडाला लावली, दोन्ही हात घातले आणि लुगड्याची कड थोडी उचलून आत पाहिलं.

“वहिनी आल्या न्हाईत व्हय?”

“आलत्या.”

त्यानं लुगड्याची कड परत आत खोचली. मग त्यानं पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली. सायकल फाट्यावरच राहिली. दोघं ओळीनं चालू लागली, तो पुढं, ती मागं. घर आलं तसा तो दाराकडं न वळता परड्याकडं गेला. गोठ्यापाशी वांग्याच्या वासानं म्हशीनं दावं ताणून मान लांब केली. ज्ञानूनं पाटी दोन्ही हातांनी वर धरली, तिच्या तोंडाला लागू दिली नाही, आणि तो तसाच उकिरड्याकडं चालत गेला.